कचारगडचा वादक आणि सुपरहिरोचा लेखक : एक धागा

१/
गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार इथे एका वादकाने केवळ संगीताच्या बळावर कोंडलेल्या मुलांची सुटका केली. चित्रकथेला याहून साजेसा नायक मराठी मुलखात सापडणे कठीण. त्याचे कॉमिक निघावे असे मलाही वाटते. मात्र त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल : त्या कॉमिकचा लेखक कोण?

२/
प्रथम आख्यान. माय काली कंकालीची ३३ मुले गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर अवजड शिळा बसली. आई शोकाने व्याकूळ झाली. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने गुहेबाहेर किंगरी छेडली. त्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ संचारले, त्यांनी आतून शिळा ढकलली. शिळा कोसळली ती हिरासुकावरच. मुले सुटली, वादक गेला.

३/
पुढे माता जंगो रायताडने मुलांचा सांभाळ केला आणि पारी कुपार लिंगोंनी त्यांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्मजीवनाची, शिकवण दिली, असे परंपरा सांगते. दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथून हजारो गोंड भाविक कचारगडला येतात. आजच्या स्वरूपातील ही यात्रा १९८०च्या दशकात उभी राहिली. त्यात नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली यांचा मोठा वाटा होता.

४/
आता थोडे दूर जाऊ. संगीतकार आणि चित्रकथाकार यांनी एकत्र येऊन सुपरहिरो घडवण्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. ‘किस’ या रॉक बँडचे चौघे चेहरे रंगवून रंगमंचावर येत. १९७७ मध्ये मार्व्हलने त्यांना महाशक्ती बहाल करून स्वतंत्र रंगीत अंक काढला. लेखक होते स्टीव्ह गर्बर. प्रसिद्धीसाठी चौघांचे रक्त काढून छपाईच्या लाल शाईत मिसळण्यात आले!

५/
तीस वर्षांनी, २००७ मध्ये, नाते बदललेले दिसते. ‘माय केमिकल रोमान्स’चा गायक जेरार्ड वे याने ‘द अम्ब्रेला अकॅडमी’ स्वतः लिहिली. चित्रे ब्राझीलच्या गाब्रिएल बा याची. पुढच्याच वर्षी तिला आयस्नर पुरस्कार मिळाला. ‘किस’ने कॉमिकला चेहरा दिला होता, वे याने कथा दिली.

६/
आपल्याकडे रॉक संगीताची जागा चित्रपटाने घेतली. १९८०च्या दशकात इंडिया बुक हाऊसच्या स्टार कॉमिक्सने अमिताभ बच्चन यांना ‘सुप्रीमो’ नावाचा सुपरहिरो केले. संपादन पम्मी बक्षी यांचे, सल्लागार गुलजार आणि चित्रकार पुण्याचे प्रताप मुळीक. पुढे ‘नागराज’चे सुरुवातीचे अंकही मुळीकांच्याच कुंचल्यातून उतरले.

७/
या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कलावंत आधीच प्रसिद्ध होता, म्हणून त्याचे नाव मुखपृष्ठावर आले. नाव, करार, मानधन हे सारे प्रसिद्धीमागून चालत आले. ज्याची कला थोर पण नाव अज्ञात, अशा कलावंताचे काय होते? याचे उत्तर शोधायला नागपूरला यावे लागते.

८/
स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे स्कॉटिश मिशनरी. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे प्रदीर्घ गोंडी गीत इंग्रजी भाषांतरासह छापले आहे. ते एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतले होते. शीर्षकपृष्ठावर हिस्लॉप आहेत, टेंपल आहेत. गाणारा मात्र तिथे नाही.

९/
या छापील गीताकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहा. इथेही गोंड गुहेत कोंडले आहेत, दारावर शिळा आहे. पण सोडवणारा आहे स्वतः लिंगो. वाद्य वाजवून राक्षसाला नाचायला लावणाराही तोच. कचारगडच्या कथनात मात्र संगीताचे सामर्थ्य आणि बलिदान हिरासुकाच्या वाट्याला येते. एकच आख्यान, दोन नायक. मौखिक परंपरेत दोन्ही सुखाने नांदतात.

१०/
कॉमिक मात्र यातली एकच आवृत्ती निवडील. चित्रात आलेला चेहरा मुलांच्या मनात कायमचा ठसतो. आपल्या पिढ्यांच्या मनातले राम, कृष्ण, शिवाजी महाराज कसे दिसतात, हे पुष्कळसे ‘अमर चित्रकथे’ने ठरवले. ती १९६७ मध्ये सुरू झाली. म्हणून कोणती आवृत्ती छापायची, हा निर्णय मुंबई-पुण्याच्या संपादकाने एकट्याने घेणे मला अन्याय्य वाटते.

११/
मग निर्णय कोणाचा? त्यासाठी परधान कोण, हे समजून घ्यावे लागेल. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशकथाकार. बाना हे तंतुवाद्य वाजवत ते यजमानांच्या घरी देवकथा आणि कुळकथा गात. एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका मराठी माणसाचे हे काम आज आपल्याला क्वचितच आठवते.

१२/
याच नर्मदाखोऱ्यातील पाटणगडचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण १९८०च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात पोहोचला. गाण्यात येणारे देव त्याने कागदावर उतरवले. त्याच्या मागोमाग त्याचे आप्त आणि गाववाले चित्रकार झाले. आज ज्याला आपण ‘गोंड चित्रशैली’ म्हणतो, ती अशी गायकांच्या घरात जन्मली.

१३/
आणि मग कॉमिक आले! २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ने ‘भीमायन’ काढले. विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन. चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम, दोघेही परधान. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. चौघांचीही नावे ग्रंथावर आहेत.

१४/
व्याम दांपत्याने माणसांना चौकटींत कोंडायला नकार दिला. पानाची विभागणी त्यांनी भिंतीवरच्या पारंपरिक ‘डिगना’ नक्षीने केली. सौम्य शब्दांसाठी पक्ष्याच्या आकाराचे फुगे काढले, तर विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी दिली. संपादकांनी हे स्वीकारले, म्हणून कॉमिकचे व्याकरणच बदलले. परंपरेच्या वारसाला निर्णयाचा अधिकार दिला की काय घडते, याचा हा पुरावा आहे.

१५/
गोंदियाकरांसाठी एक जोड. १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

१६/
आक्षेप पहिला : हिरासुका श्रद्धास्थान आहे, त्याला सुपरहिरो करणे हा अवमान नव्हे का? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी नको म्हटले, तर कॉमिक निघू नये. विचारल्यावाचून काढणे तर नाहीच नाही.

१७/
आक्षेप दुसरा : लोककथा सर्वांची, मग परवानगी कसली? कायदा बहुतांशी याच बाजूला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याला ज्ञात लेखक लागतो. १९९४च्या दुरुस्तीने गायकाच्या सादरीकरणाला संरक्षण मिळाले, कथेला नाही. पण नेमकी हीच स्थिती १८६६ मध्ये होती. कायद्याने मोकळे असलेले सारे न्याय्यही असते, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी मानू नये.

१८/
माझे म्हणणे चार अटींत मांडतो.
• ज्याच्या कथनावरून संहिता बेतली त्या गायकाचे नाव मुखपृष्ठावर लेखक म्हणून यावे. ऋणनिर्देशातली एक ओळ पुरेशी नाही.
• कोणत्या गावची, कोणाची आवृत्ती हे स्पष्ट छापावे.
• मजकूर मराठीबरोबर गोंडीतही असावा.
• उत्पन्नात वाटा ठरलेला असावा.

१९/
गोंडीला लिपी कुठली, असे विचारणाऱ्यांसाठी : गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. छापायची इच्छा असेल, तर अक्षरे तयार आहेत.

२०/
मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण चित्रे काढतात, काही बँडमध्ये वाजवतात. हिरासुकाची कथा वाचून हात शिवशिवले असतील, तर पहिले रेखाटन करण्याआधी माघ पौर्णिमेला दरेकशाला उतरा आणि कथा गाणाऱ्यांकडून ऐका. गाणाऱ्याचे नाव आणि गाव वहीत लिहून घ्या. हिस्लॉपकडे वही होती, लेखणी होती, तरी शीर्षकपृष्ठावर ते नाव आले नाही. तुमच्या मुखपृष्ठावर ते यायला हवे.

(धागा समाप्त. तुमच्या भागात कचारगडची कथा वेगळी सांगत असतील, तर गावाच्या नावासह खाली जरूर लिहा.)