गल्ल्यातले सगळे पैसे आपले नसतात!



दिवाळी जवळ आली की आपल्या बिल्डिंगमध्ये दारावरची बेल हमखास वाजते. दारात दोन-तीन मुलं उभी. "काकू, उटणं घेणार?" तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हा व्यापार केला असेल, हो ना?

मुलुंडला आमच्या शेजारी माझा एक जुना विद्यार्थी राहतो. आता सातवीत आहे. त्याने दुकानदाराकडून उटण्याची ४० पाकिटं १५ रुपयांप्रमाणे उधार आणली. २० रुपयांना एक, अशी ३० विकली. हातात ६०० रुपये! स्वारी एकदम खूश. त्यातले १५० रुपये फटाके आणि वडापाव यांत उडाले. मग दुकानदाराने हिशेब मागितला आणि याचा चेहरा पडला. "बाई, एवढी विक्री झाली, तरी पैसे कमी कसे?"

तुम्हीच गणित करा. द्यायचे ६००, आले ६००. म्हणजे तोपर्यंत नफा शून्य! नफा होता उरलेल्या १० पाकिटांत, आणि ती तर पिशवीतच पडून होती. त्याने खर्च केलं ते भांडवल.

मी त्याला पैसे दिले नाहीत. म्हटलं, "काकांना खरं काय ते सांग आणि दोन दिवसांची मुदत माग." घाबरत घाबरत गेला, पण मुदत मिळाली. पुढच्या गल्लीतल्या दोन इमारती पालथ्या घालून त्याने दहाही पाकिटं विकली. उधारी फिटली, वर ५० रुपये उरले.

नोकरीत चूक दाखवायला साहेब असतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला साहेब नसतो. त्याचा साहेब म्हणजे त्याची हिशेबाची वही!

लिज्जत पापड तुम्ही खाल्लाच असेल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. पहिल्या दिवशी पापडांची पाकिटं झाली फक्त चार. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा म्हणाले, एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख लिहा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! १९६१ साली आपल्या उपनगरात, मालाडला, शाखा काढायचा पहिला प्रयत्न फसला. तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा यंदा उटणं विका, कंदील विका, पण तीन सवयी लावून घ्या बरं का! भांडवलाचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवायचे. आलेला-गेलेला प्रत्येक रुपया त्याच रात्री लिहायचा. आणि माल उरला तर गिऱ्हाइकाला नावं न ठेवता "का उरला?" हे स्वतःला विचारायचं.

आमच्या त्या छोट्या व्यापाऱ्याने उरलेल्या ५० रुपयांतून पहिली वस्तू काय घेतली, सांगू? एक वही!

तुमच्या बाई