घंटा वाजली की तो कान झाकतो

माझा भाचा आठ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, पण मला हा शब्द कधी पटला नाही. तो स्वतःत मग्न नाही. उलट त्याला सगळंच ऐकू येतं: पंख्याची खरखर, शेजारच्या वर्गातले पाढे, बाकं सरकवल्याचा आवाज. मधल्या सुट्टीची घंटा वाजली की तो कान झाकून बाकाखाली जायचा.

पहिलीत असताना शाळेने आपाला बोलावून सांगितलं, "याला स्पेशल शाळेत घाला, बाकीच्या मुलांचं नुकसान होतंय." शाळा आपल्याच समाजाच्या ट्रस्टची. मग चार महिने तो घरी होता. नजर लागली म्हणून नातेवाईक तावीज घेऊन आले. शाळेचं काही चुकलं असेल, असं एकानेही म्हटलं नाही. मीही नाही.

अब्बूंनी खेटे घातले तेव्हा त्याला परत घेतलं. या वर्षी दुसरीला त्याला एक नवी टीचर मिळाली. वर्गात 54 मुलं, विशेष प्रशिक्षण काही नाही. तिने फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम चित्रांनी लावला: गणित, मराठी, डबा, खेळ. काही बदलणार असेल तर सकाळीच सांगायचं. घंटेच्या आधी दोन मिनिटं त्याला डस्टर धुवायला बाहेर पाठवायचं. "नीट बस" याचा त्याला अर्थच लागत नव्हता. "पाय खाली ठेव, वही उघड" म्हटलं की तो करतो. "माझ्याकडे बघून बोल" हा हट्ट तिने सोडून दिला. उत्तर तोंडी येत नसेल तर पाटीवर लिहिलेलं चालतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. न सांगता एखादी सिस्टिम बदलली तर आमची अख्खी टीम दिवसभर आरडाओरडा करते आणि कुणी आम्हाला हट्टी म्हणत नाही.

सगळंच जमलं असं नाही. गॅदरिंगच्या तालमींत दोन आठवडे वेळापत्रकच उरलं नाही. तो चावला, एका मुलाच्या हातावर वळ उठला. त्या मुलाच्या अम्मीचा राग खोटा नव्हता. त्या दिवशी टीचर एकटी होती आणि 54 मुलांत एकटी टीचर किती पुरणार? म्हणूनच सगळा भार तिच्या चांगुलपणावर टाकून ट्रस्टींना मोकळं सोडता येत नाही.

ट्रस्टी म्हणतात, आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला तो कायदा लागू नाही. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आपल्या शाळांना सूट मिळाली ती शिक्षण हक्क कायद्यातून. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, वेगळा. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं कलम 16 म्हणतं. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम 17 मध्ये आहे. आणि कलम 31 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची आहे. शाळेची नाही. सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची पदं निर्माण करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण अशाच शाळांचे माजी विद्यार्थी आहात, काही बी.एड. करताय, काहींचे चाचा-मामू ट्रस्टवर आहेत. नव्या गेटसाठी चंदा मागायला आले की विचारा, विशेष शिक्षक कधी नेमणार? अर्धवेळ, दोन शाळांत मिळून एक, तरी चालेल. आणि उत्तर लेखी मागा.

जूनमध्ये भाचा तिसरीत जाईल. त्या वर्गाला कोण शिकवणार, हे शाळेने अजून सांगितलेलं नाही. आपा दर सोमवारी जाऊन विचारून येते.