गोगलगाय, पोटात पाय

दिसायला गरीब पण आतून बेरकी अशा माणसाला मराठीत 'गोगलगाय, पोटात पाय' म्हणतात. आशियातल्या भातशेतकऱ्यांना या म्हणीचा पुरेपूर प्रत्यय आला तो १९८० नंतर.

दक्षिण अमेरिकेतल्या दलदलीत राहणारी सोनेरी गोगलगाय त्या सुमारास तैवानमध्ये आणली गेली. बेत मोठा नामी होता! टाक्यात गोगलगायी वाढवायच्या, मांस खायचे, उरलेले परदेशी विकायचे. पाठोपाठ ती जपान आणि फिलिपीन्समध्येही पोहोचली. पण हे मांस लोकांना फारसे रुचले नाही. धंदा बसला आणि टाकून दिलेल्या, निसटलेल्या गोगलगायी कालव्यांतून भातखाचरांत शिरल्या.

तिथे त्यांच्यासाठी ताट वाढूनच ठेवलेले होते. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच गोगलगायी दगडावरचे शेवाळ खरवडून पोट भरतात. हिला मात्र कोवळा हिरवा पाला हवा. कानशीसारख्या दातेरी जिभेने ती नुकतेच लावलेले रोप बुडाशीच कातरते. संध्याकाळी हिरवे दिसणारे खाचर सकाळी जागोजाग उघडे पडलेले असते. रोप जून झाले, की मात्र तिचे फारसे चालत नाही.

वंशविस्ताराचा वेगही तसाच. मादी रात्री पाण्याबाहेर येऊन काडीवर गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवते. एकेका घोसात शेकडो अंडी, आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले! अंडी विषारी, त्यामुळे त्यांना सहसा कोणी तोंड लावत नाही. पाणी आटले तर ही बया चिखलात रुतून, कवचाचे झाकण लावून महिनोन्महिने पडून राहते.

शेतकऱ्यांनी औषधे मारली, तर खाचरातले मासेही मेले. त्यापेक्षा साधे उपाय बरे ठरले. लावणीनंतर पाणी उथळ ठेवायचे, बांबूच्या काठ्या रोवून त्यांवरची अंडी खरवडायची, पपईची पाने टाकून त्यांवर जमलेल्या गोगलगायी वेचायच्या, बदके सोडायची. खाणाऱ्यांनी मात्र त्या नीट शिजवायलाच हव्यात. २००६ साली बीजिंगमध्ये कच्चट गोगलगायी खाऊन शंभरावर लोकांना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला होता. त्यांच्यातून पोटात गेलेल्या सूक्ष्म जंतांचा तो प्रताप.

थायलंडमध्ये एका पक्ष्याचे मात्र फावले. आपल्याकडच्या तळ्यांवरही दिसणारा, चोचीत फट असलेला मुग्धबलाक मुळातच गोगलगायींवर जगतो. तिथल्या खाचरांत त्याला ही नवी मेजवानी मिळाली आणि त्याचे थवे वाढले.