प्रश्न आईला, फोटो मुलाचा

२ एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांना स्वमग्न मुलांची आठवण होते. २००८पासून संयुक्त राष्ट्रे हा दिवस स्वमग्नता जागृतीसाठी पाळतात, म्हणून. निळी रोषणाई, दीपप्रज्वलन आणि 'स्वमग्नतेवर मात' करणाऱ्या एखाद्या मुलाची चौकट. ती चौकट नीट वाचून पाहा. फोटोत सिंथेसायझरवर बोटे ठेवलेला, ओठांवर मिसरूड फुटलेला मुलगा. बोलते मात्र आई, मग डॉक्टर, मग प्रमुख पाहुणे. मुलाचे एकही वाक्य नाही. बोलता येत नसेल तर तो टॅबवर टाइप करतो का, चित्रावर बोट ठेवून सांगतो का, एवढी विचारपूसही कोणी केलेली नसते.

एरवी हा विषय छापून येतो तो भीती घालायला. सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडला आणि आपल्याकडेही मथळ्यांत प्रश्नचिन्हे नाचू लागली. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास त्याच्या सुमारे दीड वर्ष आधीच प्रसिद्ध झालेला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा त्यात असा संबंध उरला नव्हता. पण ही माहिती मथळ्यात कशी मावणार? गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) लशीच्या बाबतीतही हेच झाले. तिचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध १९९८चा, अवघ्या बारा मुलांवरचा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१०मध्ये मागे घेतला, तोवर ब्रिटिश वृत्तपत्रांनी ती भीती घरोघर पोहोचवली होती. (वेकफिल्ड यांचे बिंग फोडणारे ब्रायन डीअर हेही पत्रकारच, हे कबूल.) 'मी ती गोळी घेतली म्हणून तर नाही ना झाले?' असे मनाशी घोकत बसलेल्या आईला उत्तर कोणता संपादक देणार?

आणि स्वमग्न मुले मोठी होतात, याचा तर बातम्यांना पत्ताच नाही. अठराव्या वर्षानंतर काय, 'आमच्यामागे याचे कोण' हा आईबापांचा खरा घोर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा गटांसाठी. आपल्या जिल्ह्यात त्यातल्या किती भरल्या, हे शोधायला माहितीचा अधिकार आहे आणि बातमीदारही आहेत. त्या जागेवर कोणी स्वमग्न माणूस सापडलाच, तर त्याला प्रश्न आधी लिहून पाठवा, उत्तराला सवड द्या आणि तो म्हणेल ते त्याच्याच नावाने छापा.