अंतराचा तक्ता आणि काळाचा हिशेब

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावपर्यंतचे अंतर पृथ्वीच्या वक्र पृष्ठावरून सरळ मोजले असता सुमारे 700 किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबाने 380 नाविक मैल भरते. आणि याच दोन शहरांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ अशी प्रदक्षिणा घालीत बाराशेहून अधिक किलोमीटर चालते. एवढी तफावत समोर असता विमानप्रवासाच्या जाहिरातीस निराळ्या अलंकाराची गरज पडू नये. तथापि या 700 किलोमीटरांना विमानाच्या वेगाने भागून जो आकडा येतो, तोच ‘उड्डाणकाळ’ म्हणून तक्त्यांतून बिनदिक्कत छापला जावा आणि गिऱ्हाइकाने तोच प्रवासाचा काळ समजून चालावे, ही गोष्ट आम्हांस चिंत्य वाटते.

ताशी 500 किलोमीटर वेगाचे एटीआर विमान धरले, तर भागाकार 1 तास 24 मिनिटे येतो. परंतु चढणीच्या आणि उतरणीच्या काळात विमानास तो वेग नसतो. नागपूरच्या नियंत्रणकक्षाने दिलेला क्रम पाळावा लागतो, आणि वाऱ्याप्रमाणे धावपट्टीचे जे टोक खुले असेल तिकडून येण्यासाठी वळसाही पडतो. कंपनीच्या वेळापत्रकातील अवधी याहून निराळा: चाकांखालचे अटकाव काढल्यापासून ते पुन्हा लावले जाईपर्यंतचा, ज्यास व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात, तो. शिवाय मार्गाच्या रेषेत ताशी 50 किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर वरील भागाकार 1 तास 16 मिनिटांवर येतो आणि तोच समोरून आला तर 1 तास 33 मिनिटांवर जातो. म्हणजे जाताना वाचलेली आठ मिनिटे परतीच्या वाटेवर सव्याज नऊ करून वसूल होतात. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे असतात, तेव्हा नागपूरहून परतणाऱ्यास हा भुर्दंड विशेष जाणवतो.

अंतर अल्प म्हणून सेवा निरर्थक, असेही नव्हे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांमधील नियमित उड्डाण जेमतेम पावणेतीन किलोमीटरांचे, वेळापत्रकात दोन मिनिटांचे. पण मध्ये समुद्र आहे, एवढे सांगितले की पुरे.

आपल्या खिडकीशी मात्र प्रश्न येतो तो निराळाच. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत निवेदनाचे कागद बगलेत मारून आलेले शिष्टमंडळ, ‘विधानभवनात किती वाजता पोहोचू, ते सांगा,’ असे म्हणते. त्याचे उत्तर देणाऱ्याने सामान स्वीकारण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते हे गृहीत धरावे, उजळाईवाडीपर्यंतची वाट मोजावी, सोनेगावला सामानाच्या पट्ट्याशी जाणारा वेळ मिळवावा, आणि मगच तोंड उघडावे. थेट विमान ज्या वारी नसेल त्या वारी तर 700 किलोमीटरांचा आकडा सर्वस्वी रद्दच समजावा; कारण मुंबईमार्गे जाणारास प्रथम सुमारे 300 आणि पुढे सुमारे 680 किलोमीटर उडावे लागते, आणि दोहोंमधील ताटकळणे कोणत्याच भागाकारात बसत नाही.

म्हणून पुढील अंकापासून या मासिकाच्या तक्त्यांत सरळ अंतर, ब्लॉक टाइम आणि थेट सेवेचे वार असे तीन स्वतंत्र रकाने राहतील. निव्वळ भागाकाराचा रकाना आम्ही काढून टाकीत आहोत. घरापासून घरापर्यंतचा अवधी मात्र गावोगावच्या व्यावसायिकांनीच आपापल्या अनुभवाने भरावयाचा आहे, आणि तो तिकिटाबरोबर गिऱ्हाइकास लेखी द्यावा, ही आमची विनंती आहे.