जुनी मोटार, स्वस्थ मन

एखाद्या अंगणात धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाहिली आहे काय? कुर्ल्याला तयार होणाऱ्या या मोटारीचे उत्पादन केव्हाच थांबले. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. अशी मोटार स्वस्तात घेऊन सुटीच्या दिवशी दुरुस्त करीत बसणाऱ्याला लोक हसतात. आमच्या मते मात्र हा छंद मनाला स्वस्थता देणारा आणि विज्ञान शिकविणारा आहे.

तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात चार सिलिंडर. ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, तारा, सारे डोळ्यांना दिसते. स्पार्क प्लगवर कोरडी काजळी असेल तर मिश्रणात बहुधा पेट्रोल जास्त. रंग फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. अंदाज करा, एकच गोष्ट बदला, पुन्हा तपासा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. प्रयोगशाळेत तरी दुसरे काय करतात? आणि एका वेळी एकच प्रश्न हाती असला की मनातली धांदल आपोआप थांबते.

मात्र हे काम जाणत्या माणसाबरोबरच करा. आधी इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची तार सोडवा. बंद जागेत इंजिन कधीही चालवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वासही नसतो.

मोटार नाही? मग घरची कुरकुरणारी सायकल आहेच. येत्या रविवारी तिच्यापासूनच सुरुवात करा!