यादी आधी की बोलणी?

नाशिकच्या गंगापूर रोडवर, इंदिरानगरात अलीकडे एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : ‘मुलाचं पुण्याला ठीक आहे ना?’ जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. म्हणजे १२ हजारांवर माणसे, तीही बरीचशी मधल्या आणि वरच्या फळीतली. पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने सक्तीने राजीनामे घेतल्याची तक्रार सरकारकडे केली. कंपनीने आरोप नाकारला. खरेखोटे यथावकाश ठरेल. मला पडतो तो प्रश्न वेगळा आहे. यादी तयार होण्याआधी बोलणी कुणाशी झाली?

आमच्या बँकांत यंत्रे आली तेव्हा ती झाली होती. ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. यंत्रे कुठे आणि किती, हे त्यात ठरले. संघटनांनी हटवादीपणाही केला आणि ग्राहक टोकन हातात धरून ताटकळला, हेही खरेच. पुढे २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली, एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले. माझ्या शेजारची टेबले रिकामी झाली. पण सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, हा हिशेब घरी बसून, बायकोशी बोलून मांडता येत होता.

संगणकावरच्या मुलांना आपण कौतुकाने ‘साहेब’ केले. साहेबाला कसली आली युनियन? कायदाही इथे हात आखडता घेतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ३०० किंवा अधिक कामगार असतील तर कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पण ती अट कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती. व्यवस्थापकीय काम करणारा तर ‘कामगार’ ठरतच नाही. आणि राजीनाम्यावर सही झाली, की कागदावर कपात दिसतच नाही.

कर्जाच्या फायली मी वर्षानुवर्षे पाहिल्या. २० वर्षांचे गृहकर्ज पगाराच्या स्लिपा पाहून मंजूर होते. नोकरी गेली म्हणून हप्ता थांबत नाही.

माणसे कधीच कमी करू नयेत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण निकष आधी सांगावेत, नवे काम शिकायला मुदत द्यावी, भरपाई लेखी ठरवावी आणि हे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर व्हावे, हे मागणे अवाजवी नाही. आपण आईबापांनीही ‘युनियनच्या भानगडीत पडू नकोस’ हा उपदेश आता आवरावा. त्याऐवजी सांगावे : एकट्याला खोलीत बोलावले, तर कागद घरी आणून वाच, तिथल्या तिथे सही करू नकोस.